कळसच्या पुढचं वळण

वळणावर मोटारसायकल कशी घ्यायची हे मला बारामतीतल्या एका मिस्त्रीनं शिकवलं. ते मी एके सकाळी कसं विसरलो, हे मात्र दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. जिला आधी सांगायला हवं होतं ती माझ्याच घरात होती, माझी बायको.

मी तेव्हा कॅनॉलवर ओव्हरसिअर होतो. तीस सालानंतरची ती वर्षं. बारामतीच्या आसपासचे फाटे, त्यांची दारं, कुणाची पाण्याची पाळी कधी, कुठं भराव खचला, हे सगळं बघत दिवसाला वीस-पंचवीस मैल हिंडावं लागे. सायकलनं माझे गुडघे धरले होते. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून मी त्याची जुनी मोटारसायकल घेतली. गावात तिला सगळे फटफटी म्हणत. टाकीच्या बाजूला गिअरचा दांडा, मागच्या चाकाला पायातला ब्रेक, आणि पुढच्या चाकाला हातातला, तो नावापुरताच.

पहिल्याच महिन्यात मी दोनदा पडलो. एकदा फाट्याच्या वळणावर सरळ कांद्याच्या वाफ्यात गेलो. वाफ्याच्या मालकानं आधी मला उठवलं, मग मोडलेली रोपं काढून फेकत विचारलं, "सायब, वळायचं न्हवतं का?" ते तो खरोखरच विचारत होता. मला वळायचं होतं, हँडलही मी फिरवलं होतं, आणि तरी गाडी सरळच गेली होती.

ती गाडी घेऊन मी मिस्त्रीकडं गेलो. ऑइल इंजिनं, सायकली, कुणाचं शिवणयंत्र, सगळं त्यांच्याकडं दुरुस्त होई. पहिल्या जागतिक लढाईत ते इराकात बसऱ्याला लष्कराच्या मोटारी दुरुस्त करायला गेले होते आणि तिथंच मोटारसायकल शिकले होते. त्यांनी माझं वाकलेलं हँडल बघितलं आणि म्हणाले, "रावसाहेब, गाडी नीट करून देतो. पण परत वाकडी घिऊन येणार असाल तर आधी तुमास्नी नीट करतो."

बाजार नसलेल्या दिवशी बाजाराचं मैदान मोकळं असे. मिस्त्रींनी चुन्याच्या फक्कीनं त्यावर एक मोठं वळण आखलं आणि सुरुवातीला एक रिकामा डबा ठेवला. "ह्या डब्याच्या अलीकडं काय तो ब्रेक मारा, गिअर बदला, जीव मुठीत धरा, काय करायचं ते करा. डब्याच्या पलीकडं ब्रेकला पाय लावायचा न्हाय. आत हळू शिरायचं आणि भाईर पडताना मूठ पिळायची."

"आणि आत शिरल्यावर कळलं, वेग जास्त झालाय, तर?"

"तर आणखी आतल्या अंगाला कलायचं. मागचं चाक फिरतंय तवर गाडी तुमची हाय. चाक अडलं की ती कुणाचीच न्हाय."

दुसरी गोष्ट त्यांनी नजरेची सांगितली. जिथं जायचं तिथं बघायचं. दगड दिसला म्हणून दगडाकडं बघत राहिलात की दगडावरच जाल. तिसरी म्हणजे, वळणापलीकडचं दिसत नसेल तर जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा. मी पंधरा दिवस त्या फक्कीवर फिरलो. हळूहळू अंग टाकायला शिकलो, आणि एका दिवशी गाडी न सांगता वळली. ते सुख मला अजून आठवतं. तिथूनच मला वाटू लागलं, की आता आपल्याला येतं.

बायकोचं माहेर इंदापूरचं. कळसवरून गेलं तर तीसेक मैल. प्रवाशांची सर्व्हिस मोटार दिवसातून एकदा जाई आणि कधी निघेल त्याचा नेम नसे. मी मागच्या मडगार्डावर एक गादी बसवून घेतली. बायको डावीकडं पाय सोडून एका अंगाला बसे. उजव्या हातानं माझी कंबर धरी, डावा मागं टेकवी. डावीकडच्या वळणाला तिला काही वाटत नसे. उजवीकडचं वळण आलं, गाडी उजवीकडं कलली, की तिला पाठीवर पडल्यासारखं होई आणि ती अंग ताठ करी.

मिस्त्रींनी तिलाही शिकवलं. कॅनॉलच्या रस्त्यावर, लोकांच्या नजरेआड. "वहिनी, रावसाहेब ज्या अंगाला कलतील त्या अंगाच्या खांद्यावरनं म्होरं बघायचं. बास. बाकी अंग आपसूक येतं." ती पहिल्यांदा लाजली, मग हसली, आणि चार फेऱ्यांत ती इतकी छान बसू लागली की ती मागं आहे हे मला कळेनासं झालं. मिस्त्री म्हणाले, "तुमच्यापरीस लवकर शिकल्या."

हे मी मुद्दाम सांगतो आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी इंदापूरहून माणूस आला. सासूबाईंना चार दिवस ताप होता, आता शुद्ध जात-येत होती, लेकीचं नाव घेत होत्या. सर्व्हिस मोटार दुपारी निघणार होती. मी म्हणालो, "मोटारीची वाट बघायची न्हाय. दीड तासात नेतो." बायकोनं चुलीवरचं तसंच उतरवून ठेवलं, शेजारच्या वहिनींना घराकडं बघायला सांगितलं आणि आम्ही निघालो.

मी जोरात चालवत होतो. सासूबाईंसाठी घाई होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. रस्ता मोकळा होता, सकाळची हवा होती, आणि मला येत होतं. एका वळणानंतर बायको कानाशी म्हणाली, "अवो, जरा दमानं." मी म्हणालो, "तुला आय भेटायची हाय ना?"

कळस सोडल्यावर रस्ता थोडा चढतो, मग एका ओढ्याकडं उतरतो आणि उतरता उतरताच उजवीकडं वळतो. आतल्या अंगाला तेव्हा दाट बाभळी होत्या, पलीकडचं काही दिसत नसे. त्या रस्त्यानं मी अनेकदा गेलो होतो. पलीकडं काय असणार हे मला ठाऊक आहे, अशाच भरवशावर मी वेग न उतरवता आत शिरलो.

पलीकडं कडब्याची बैलगाडी होती. आमच्याच दिशेनं, आपल्या डाव्या अंगानं, सावकाश चाललेली. कडबा दोन्ही बाजूंनी फुगलेला. रस्त्यावर नवा मुरूम टाकला होता. मला तो कडबा दिसला आणि त्याच्याखेरीज दुसरं काही दिसेना. माझा पाय ब्रेकवर गेला. गेला म्हणजे मी तो दाबला, सगळ्या अंगाचं वजन घालून दाबला. मागचं चाक अडलं, गाडी खालून निघून गेली आणि उजव्या अंगावर आडवी झाली.

मी घसरत जाऊन बाभळीपाशी थांबलो. हातापायांची सालं निघाली होती, बाकी काही नाही. बायको रस्त्यात बसली होती. पडताना तिनं डावा हात मागं टेकवला होता. तो कोपरातून भलत्याच दिशेला वळला होता आणि ती त्याच्याकडं बघत होती, तो दुसऱ्या कुणाचा हात असावा तशी.

गाडीवान बैल उभे करून धावत आले. साठीचे असावेत ते. त्यांनी तिला सावलीत नेलं, मडक्यातलं पाणी पाजलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "कसं झालं ओ हे? रस्ता तर रिकामा हुता."

मी म्हणालो, "मागं बसणारानं उलटं अंग टाकलं की असंच हुतं."

ते वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. ते तोंडातून निघालं. बायकोनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "माझंच चुकलं. मी भ्याले."

तिथं मी "न्हाय" म्हणू शकलो असतो. एवढा एकच शब्द पुरला असता.

कडब्याच्या गाडीनं आम्ही कळसला परतलो. तिथं हाड बसवणारे एक म्हातारे होते. त्यांनी हात ओढून बसवला, कामट्या बांधल्या. ती ओरडली नाही. दुपार उलटल्यावर सर्व्हिस मोटार आली आणि आम्हाला घेऊन गेली. इंदापुरात माझ्या सासरच्या आळीत शिरलो तर माणसं स्मशानातून परत येत होती. ओली धोतरं, वाकलेल्या माना. सासूबाई मध्यान्हीला गेल्या होत्या. लेकीची वाट बघून बघून मेव्हण्यानं ऊन उतरायच्या आत उरकलं होतं.

घरात बायका तिच्या गळ्यात पडल्या आणि हाताला काय झालं म्हणून विचारू लागल्या. तिनं प्रत्येकीला तेच सांगितलं. "वळणात मी भ्याले. उलटं अंग टाकलं. त्यांचा काय दोष न्हाय." मी ओसरीवर बसून ते ऐकत होतो. माझं खोटं ती आपल्या तोंडानं घरोघर पोचवत होती, आणि वर मला सांभाळून घेत होती.

चार दिवसांनी आम्ही बारामतीला परतलो. मोटारसायकल वळणावरच पडली होती, ती मिस्त्री बैलगाडीतून घेऊन आले. ते स्वतः त्या वळणावर गेले होते. मी त्यांच्या दुकानात गेलो तेव्हा त्यांनी मागचं चाक काढून भिंतीला टेकवलं होतं. टायरवर एकाच जागी तळहाताएवढा चट्टा पडला होता.

"हे चाक फिरत न्हवतं, रावसाहेब," ते म्हणाले. "आणि रस्त्यात चर पडलाय सरळ, आठ-दहा पावलांचा."

मी म्हणालो, "ती उलटी कलली."

मिस्त्री हात पुसत माझ्याकडं बघत राहिले. "मागचं माणूस उलटं कललं तर गाडी भाईर जाती. तुमी कडब्यात घुसला असता. अशी आडवी पडती ती ब्रेकनंच." मग त्यांनी विचारलं, "वहिनींना सांगितलं का?"

"सांगीन."

"आज सांगा."

मी त्या दिवशी सांगितलं नाही. नंतरही नाही. गाडी दुरुस्त झाली तेव्हा मिस्त्रींनी "तयार हाय" एवढंच सांगितलं. पूर्वी ते आमच्या घरावरून जाताना हाक मारून चहाला थांबत. ते बंद झालं. बायको विचारायची, "मिस्त्री का येत न्हाईत?" मी म्हणायचो, कामात असतील.

हात नीट बसला नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पुन्हा मोडून बसवावा लागेल. तिनं नको म्हटलं. कोपर अर्ध्यातच अडे. डोक्यामागं हात जात नसे, म्हणून आंघोळीनंतर शेजारच्या वहिनी येऊन तिचा अंबाडा बांधत. पाठमोरी बसून ती त्यांना म्हणायची, "माझ्याच चुकीनं ओ, वहिनी." मी आतल्या खोलीत कॅनॉलचे कागद पुढं घेऊन बसलेला असे.

मला वाटायचं, वेळ गेला की हे जुनं होईल. पण ते तिच्या मनात वाढत होतं. माहेरचा विषय काढला की ती उठून चुलीकडं जाई. पहिल्या वर्षश्राद्धाला ती गेली नाही, हात दुखतो म्हणाली. मी कॅनॉलवरून येताना गिअरचा दांडा ओढायचो, वळणाआधी वेग उतरवायचो, मिस्त्रींनी शिकवलेलं सगळं अगदी बिनचूक करायचो, आणि प्रत्येक वळणाला ते वाक्य आठवायचं. एकदा एका फाट्यावर गाडी उभी करून मी ठरवलंच, आज सांगायचं. घरी आलो. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "आज लवकर आलात, बरं झालं." तिच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी थोडा उजेड होता. तो घालवायचा नाही असं मी स्वतःला समजावलं. भित्र्या माणसाला कारण कधी कमी पडत नाही.

दुसऱ्या वर्षश्राद्धाला आम्ही दोघं सर्व्हिस मोटारीनं गेलो. जेवणं झाली. माणसं पांगली. मेव्हणा स्वभावानं वाईट नव्हता, पण त्या दिवशी त्याला आईची आठवण फार आली होती. तो बहिणीला म्हणाला, "शेवटपतुर दाराकडं बघत हुती. तू जरा धीरानं बसली असतीस तर भेट झाली असती."

ती खाली बघून "व्हय दादा" म्हणाली.

मी तिथंच बसलो होतो, हातातल्या पानाला चुना लावत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रस्त्यावर कडुनिंबाखाली मोटारीची वाट बघत बसलो होतो. ती बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. मोटार दिसेना. मी म्हणालो, "तुला एक सांगायचं हाय. त्या दिवशी तू उलटी कलली न्हवतीस."

तिनं वळून बघितलं.

"मी ब्रेक मारला. वळणात. मागचं चाक अडलं. तू बरोबर बसली हुतीस."

तिनं मांडीवरचं बोचकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "कवापासनं ठावं हाय तुमास्नी?"

"पडलो तवापासनं."

"आणि गाडीवानाला सांगितलं ते?"

"ते खोटं हुतं."

तिनं आपला डावा हात उजव्या हातानं धरला. ती रडली नाही. म्हणाली, "मला आठवत हुतं ओ. मी तुमच्या उजव्या खांद्यावरनंच बघत हुते. मला तो कडबा दिसला हुता. पण तुमी म्हणलात, म्हणून मला वाटलं मलाच नीट आठवत न्हाय." मग म्हणाली, "दोन वर्षं मी आयला मनातनं म्हणतीय, माझ्यामुळं तुझी भेट ऱ्हायली गं."

ती उठली, बोचकं काखेत घेतलं आणि भावाच्या घराकडं चालू लागली. मी मागं गेलो. ओसरीवर मेव्हणा होता, त्याची बायको होती, दोन चुलत्या होत्या. ती म्हणाली, "दादा, हे काय सांगतायत ते ऐक." आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

मला पुन्हा सगळं सांगावं लागलं, उभ्यानं, सगळ्यांसमोर. मेव्हण्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं तो अंगावर येईल. त्यानं खुंटीवरचा पटका काढला, डोक्याला गुंडाळला, दारापर्यंत गेला आणि मागं न बघता म्हणाला, "दाजी, आता तुमी जावा." मग बहिणीजवळ परत आला. "काल मी तुला तसं बोलाय नको हुतं," एवढं म्हणून तो बाहेर गेला.

ती तिथंच राहिली. मी एकटा बारामतीला आलो.

ती येईल की नाही मला ठाऊक नव्हतं. मी मिस्त्रींकडं गेलो आणि म्हणालो, की बायकोला सांगितलं. ते कुणाच्या तरी इंजिनाचा पिस्टन घासत होते. "लई उशीर केलात," ते म्हणाले. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी बराच वेळ उभा राहिलो आणि मग त्यांनी बसायला एक पेटी पुढं सरकवली.

एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांना त्या वळणावर घेऊन गेलो. कशासाठी, हे मला नीट सांगता येणार नाही. मिस्त्री बाभळीपाशी उभे राहिले आणि मी पाच-सहा वेळा ते वळण घेतलं. वर वेग उतरवायचा, आत शिरायचं, ओढ्याकडं बघायचं. एकदा खरोखरच एक बैलगाडी पुढं आली. तिच्या उजव्या अंगानं मी गेलो. आणखी एक मोटारसायकल गेली असती एवढी जागा होती. परत येताना मी गाडी त्यांच्या हातात दिली आणि मागं बसलो.

त्यानंतर मी मडगार्डावरची गादी काढून टाकली.

दीड महिन्यानं ती सर्व्हिस मोटारीनं एकटीच आली. घरात शिरण्याआधी शेजारच्या वहिनींच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी माझी चूक न्हवती. ब्रेक ह्यांनी मारला." मग घरात आली आणि चूल पेटवली.

पहिले काही दिवस मी सारखा माफी मागत असे. जेवताना, ती पाणी देताना, तिचा हात एखाद्या वस्तूला पोचला नाही की. एका सकाळी तिनं ताटली खाली ठेवली आणि म्हणाली, "परत परत नका म्हणू. तुमी म्हणता आणि मला दर वेळी काय तरी उत्तर द्यावं लागतं. मला द्यायचं न्हाय." त्यानंतर मी म्हटलं नाही. तिनं मला क्षमा केली की नाही, हे मला ठाऊक नाही. ती राहिली, एवढं खरं. मेव्हणा पुढं तीन वर्षं माझ्याशी बोलला नाही. तिचं माहेरी जाणं-येणं मात्र सुरू झालं, आणि ती तिकडून परत येई तेव्हा मोकळी दिसे.

पुढं कॅनॉलवर एक नवे ओव्हरसिअर आले. त्यांनीही मोटारसायकल घेतली आणि मी शिकवावं म्हणून घरी आले. मी त्यांना ब्रेक कुठं मारायचा, नजर कुठं ठेवायची ते सांगितलं. त्यांनी हसत विचारलं, "तुम्ही कधी पडलात का?"

बायको चहा घेऊन आली होती. ती आत गेली नाही, चौकटीला धरून उभी राहिली.

मी म्हणालो, "पडलो ना. कळसच्या पुढं एक उजवं वळण आहे. पुढं कडब्याची गाडी होती, नवा मुरूम होता, गाडी घसरली."

"घसरली न्हाय," ती चौकटीतून म्हणाली.

नवे ओव्हरसिअर गोंधळून एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघू लागले.

"नाही," मी म्हणालो. "घसरली नाही. मी वेगात शिरलो आणि वळणात ब्रेक मारला. ही मागं बसली होती. नीट बसली होती. आणि मी म्हटलं, की तिची चूक."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. ती शेवटपर्यंत तिथं उभी होती. सांगून झाल्यावर तिनं रिकाम्या कपबशा उजव्या हातानं उचलल्या आणि आत गेली.